छाटलेले कोपरे आणि नाण्यांचे वजन

प्राचीन आहत नाणी प्रथमच पाहणाऱ्याला ती कुणीतरी कातरली आहेत असेच वाटते. चांदीच्या पत्र्याचे ओबडधोबड तुकडे, त्यांवर ठोकलेले ठसे आणि छाटलेले कोपरे! पण तुकडा ठरल्या वजनावर आणण्यासाठी हे कोपरे नाणी पाडतानाच छाटत. मग नंतर कुणी चांदी चोरलेले नाणे ओळखायचे कसे? नुसत्या डोळ्यांनी ते जमत नाही.

पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवणाऱ्या दामोदर धर्मानंद कोसंबींनी तराजूचा आधार घेतला. तक्षशिलेच्या उत्खननातील नाण्यांच्या वजनांवरचे आपले विवेचन त्यांनी 1940 साली ‘करंट सायन्स’मध्ये मांडले. हातोहात फिरताना नाणे झिजते; प्रत्येक व्यवहारात अगदी थोडे, आणि नेमके किती ते योगायोगावर. म्हणून एकाच वयाच्या नाण्यांचे सरासरी वजन हळूहळू उतरते आणि त्याच वेळी वजनांचे प्रचरण वाढते. साल छापलेल्या चलनी नाण्यांवर त्यांनी हे पडताळले. तक्षशिलेच्या नाण्यांवर साल नव्हते, पण मागच्या बाजूला बारीक ठसे होते. कोसंबींनी त्या वेळोवेळी झालेल्या तपासणीच्या खुणा मानल्या. खुणा जितक्या जास्त, तितके सरासरी वजन कमी! एकही लेख हाती नसताना नाण्यांचा कालक्रम लावण्याची वाट अशी सापडली.

लबाडी शोधायलाही आम्हाला हीच वाट योग्य वाटते. झिजेने वजनांचा आलेख घंटेसारखाच राहतो, फक्त सरकतो आणि पसरतो. कातरणारा मात्र जड नाणी निवडतो. त्यामुळे आलेखाची हलकी बाजू लांबते किंवा तेथे दुसरा उंचवटा येतो. जड नाणी वितळवली गेली, तर जड बाजू तुटल्यासारखी दिसते. एकट्या नाण्याला मात्र यावरून चोर ठरवता येत नाही. साक्ष देतो तो समूह.

पडेगावच्या एखाद्या शाळेत शंभर रुपयांची नाणी 0.01 ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या काट्यावर तोलून पाहावीत. आलेखात वेगवेगळे उंचवटे दिसले तर मुले लगेच कानस शोधू लागतील. त्यांना आधी साल वाचायला सांगावे: 1992 सालापासूनचा पोलादी रुपया 4.85 ग्रॅमचा होता, 2011 सालापासूनचा 3.79 ग्रॅमचा होता.