न समजलेल्याची नोंद

मी तत्त्वज्ञानाचा माणूस, दुर्बिणीचा नव्हे. पण पाहणं आणि जाणणं यांतलं अंतर हा आमचाही जुनाच प्रश्न. त्यासाठी आज आकाशातल्या एका ठिपक्याचा इतिहास सांगतो.

१८ मार्च १७८१. पॅरिसमध्ये शार्ल मेसिए धूमकेतू शोधत होते. जागचे न हलणारे अंधुक ठिपके म्हणजे त्यांच्या कामातला अडथळा! त्यांना धूमकेतू समजून कुणी फसू नये, म्हणून ते त्यांची यादी करत. त्या रात्री कन्या तारकासमूहात दिसलेल्या अशाच एका ठिपक्याला ८७ क्रमांक मिळाला. आणि गंमत बघा, पाचच दिवसांपूर्वी इंग्लंडमध्ये विल्यम हर्शेल यांनी युरेनस पाहिला होता. त्यांना तो धूमकेतू वाटला!

पुढे १९१८ साली कॅलिफोर्नियातल्या लिक वेधशाळेच्या हेबर कर्टिस यांनी त्या ठिपक्याच्या गाभ्याशी जोडलेला एक सरळ किरण नोंदवला. तो कशाचा, हे तेव्हा कुणालाच सांगता येत नव्हतं. हा ठिपका आपल्या आकाशगंगेच्या आत की बाहेर, याचाही निकाल लागायचा होता. कर्टिस यांनी तर्काचे इमले रचले नाहीत. किरण विचित्र आहे, एवढं लिहून ठेवलं.

आज आपल्याला माहीत आहे, की ती सुमारे साडेपाच कोटी प्रकाशवर्षं दूर असलेली महाकाय लंबवर्तुळाकार दीर्घिका आहे. हजाराहून अधिक दीर्घिकांच्या समूहाच्या मध्याशी ती बसली आहे. अशा दीर्घिका मध्याकडे ओढल्या गेलेल्या लहान दीर्घिकांना गिळत वाढतात. तो किरण म्हणजे तिच्या केंद्रातल्या कृष्णविवराच्या परिसरातून, जवळजवळ प्रकाशाच्या वेगानं सुटलेला झोत. १० एप्रिल २०१९ रोजी जगानं प्रथमच ज्या कृष्णविवराची सावली पाहिली, ते हेच. त्याचं वस्तुमान सूर्याच्या सुमारे ६५० कोटी पट!

वर्गात मी वर्षानुवर्षं सांगत आलो, ‘समजलं नसेल तर लिहू नका.’ आता ते वाक्य मी मागे घेतो. समजलं नसेल तरी लिहा. फक्त काय दिसलं आणि काय समजलं, हे वेगवेगळ्या ओळींत लिहा. मधली ओळ कोरी राहिली तरी चालेल. कर्टिस यांची ओळ पुढच्यांनीच भरली ना!