हाडांच्या खुणांची वाट

चीनच्या वायव्य सरहद्दीवरील यू-मेन हे नाके आणि त्यापुढील पाच पहाऱ्याचे बुरूज मागे पडले, की गोबीचा वैराण पट्टा सुरू होई. इ. स. ६२९ च्या सुमारास ह्युएन त्संग हा तरुण बौद्ध भिक्षू एका म्हाताऱ्या, हडकुळ्या तांबड्या घोड्यावर बसून त्या पट्ट्यात एकटाच शिरला. देश सोडण्यास राजाज्ञेने मनाई होती. पण बौद्ध ग्रंथांचे मूळ पाठ मिळविण्यासाठी त्याला हिंदुस्थान गाठावयाचे होते. हा घोडा हामीच्या वाटेने पंधरा वेळा जाऊन आला आहे, असे सांगून एका वृद्धाने तो त्याला बदल्यात दिला होता.

वाटेत पाण्याची पखाल हातातून निसटली आणि सगळे पाणी वाळूत जिरले. ह्युएन त्संग मागे वळला. दहा ली, म्हणजे सुमारे दीड कोस, तो पूर्वेकडे गेलाही. परंतु हिंदुस्थान गाठल्यावाचून परतणार नाही ही प्रतिज्ञा आठवताच त्याने घोड्याचे तोंड पुन्हा पश्चिमेकडे केले. त्याचा शिष्य हुइ-ली याने लिहिलेल्या चरित्रात म्हटले आहे, की चार रात्री आणि पाच दिवस त्याच्या घशाखाली पाण्याचा थेंब गेला नाही. अखेर घोडाच वाट सोडून आडरानात शिरला आणि त्याने धन्याला गवताच्या कुरणाशी व पाण्याच्या डोहाशी नेऊन पोचविले.

वाळवंटापुढे थिएन-शानचा बर्फमय घाट होता. तो ओलांडण्यास सात दिवस लागले. बर्फावरच अंथरूण पसरावे लागे. सोबतच्या दर दहा माणसांतील तीन-चार माणसे मेली. जनावरे त्याहून अधिक. या घाटात तांबडी वस्त्रे नेसू नयेत, मोठ्याने ओरडू नये, असा प्रवाशांचा दंडक असल्याचे तो नोंदवितो. कडे कोसळण्याच्या भयातूनच असले दंडक निघाले असावेत.

सोळा वर्षांनी परततानाही वाळवंट चुकले नाही. खोतानच्या पूर्वेस वारा वाळूचे ढीग रचतो आणि उधळतो, पावलांचा माग उरत नाही. म्हणून येणारे-जाणारे मेलेल्यांची हाडे गोळा करून वाटेच्या खुणा करतात, असे त्याने लिहिले आहे. तेथे कधी गाणे, कधी रडणे ऐकू येते. तो भुताखेतांचा खेळ आहे, अशी समजूतही तो नोंदवितो.

इ. स. ६४५ मध्ये ६५७ ग्रंथ घेऊन तो राजधानीत पोचला आणि पुढच्याच वर्षी त्याचा प्रवासवृत्तान्त पूर्ण झाला. प्रत्येक देशाची दिशा, अंतर, माती, पिके, लोकस्वभाव आणि मठ ही त्याच्या नोंदीची ठरलेली रीत. महाराष्ट्रही त्याच रीतीने त्यात आला आहे. येथील लोक उपकार विसरत नाहीत व अपमान सहन करीत नाहीत. सूड घेण्यापूर्वी शत्रूला आगाऊ कळवितात. पराभूत सेनापतीला शिक्षा न करता स्त्रीवेष देतात. पुलकेशीला हर्ष जिंकू शकला नाही, हेही तो सांगतो. पूर्वेकडील डोंगरातील ज्या लेण्यांचे वर्णन त्याने केले आहे, ती अजिंठ्याचीच असावीत, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

या नोंदींचे मोल पुढे शतकांनी कळले. १८५७-५८ साली स्तानिस्लास झ्युलियाँ यांनी या वृत्तान्ताचे फ्रेंच भाषांतर प्रसिद्ध केले. १८६१ पासून अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी त्यातील दिशा व अंतरे हाती धरून उत्तर हिंदुस्थानात बुजलेली बौद्ध स्थाने शोधली. विसाव्या शतकाच्या आरंभी ऑरेल स्टाइन त्याच वृत्तान्ताच्या आधारे मध्य आशियातील वाळवंटात फिरले. पाण्याविना गेलेल्या त्या पाच दिवसांची वाटही त्यांनी नकाशावर ताडून पाहिली.

बामियान येथे डोंगरात कोरलेली, सोनेरी झळाळीची प्रचंड बुद्धमूर्ती त्याने पाहिली व तिची उंची दीडशे फुटांच्या आसपास लिहून ठेवली. मार्च २००१ मध्ये तालिबानने ती उद्ध्वस्त केली. कोनाडा रिकामा झाला. ती झळाळी मात्र त्याच्या नोंदीत शाबूत आहे. खोतानच्या वाळूत पुढच्यांसाठी हाडे रचून ठेवणाऱ्या अनाम प्रवाशांचेच काम या प्रवाशाने शब्दांनी केले.