धुणेवालीचा कारखाना

मैत्रिणींनो, पार्लरचा कोर्स म्हटलं की आपल्या गटात अजून हसू फुटतं. म्हणून आज आम्ही सारा ब्रीडलव्हची गोष्ट सांगतोय. अमेरिकेतल्या लुइझियानात १८६७ साली जन्मली. आईवडील गुलामीतून नुकतेच सुटलेले. सातव्या वर्षी पोरकी, विसाव्या वर्षी विधवा, पदरात लेक. काळ्या बाईला तेव्हा शेतमजुरी नाहीतर धुणीभांडी. हिनंही वर्षानुवर्षं लोकांची धुणी धुतली. केस गळायला लागले, तेव्हा ॲनी मलोन या बाईंचं औषध वापरलं, विकलं. मग ‘मॅडम सी. जे. वॉकर’ नावानं स्वतःचं काढलं. १९१० ला इंडियानापोलिस शहरात कारखाना! बायकांना केसांची निगा शिकवून कमावतं केलं. १९१७ ला फिलाडेल्फियात त्यांचा मेळावा भरवला. जास्त विकणारीला बक्षीस होतंच, जास्त दानधर्म करणारीलाही होतं. तिथूनच, काळ्या माणसांना जमाव ठार मारतो ते थांबवा, अशी राष्ट्राध्यक्षांना तार गेली.