गुण मोजले जायचे तेव्हा गर्दी व्हायची

आजचा भाग अमेरिकेतल्या अ‍ॅथलेटिक्सच्या मीट्सबद्दल आहे, पण सुरुवात आपल्या बीडच्या माणसापासून करू.

६ मे २०२२. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे कॅलिफोर्नियात ५००० मीटर धावला, १३ मिनिटं २५.६५ सेकंदांत. बहादूर प्रसाद यांचा १९९२ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. आपण सगळे खूश झालो, आणि व्हायलाच हवं होतं. पण त्या शर्यतीत अविनाश बारावा आला होता! आणि ती झाली कुठे, तर सान हुआन कॅपिस्ट्रानो नावाच्या छोट्या शहरात, एका शाळेच्या ट्रॅकवर. अशा मीटला जगभरातले चांगले धावपटू जमतात ते वेळ काढायला. पुढे पेसमेकर आणि मागे सगळी रांग. बघायला माणसं येतात, नाही असं नाही. पण मीटचं खरं गिऱ्हाईक म्हणजे धावपटूच. त्याला पात्रतेची वेळ हवी असते.

आता त्याच कॅलिफोर्नियात साठ वर्षं मागे जाऊ. २१ आणि २२ जुलै १९६२, स्टॅनफर्ड विद्यापीठाचं स्टेडियम. अमेरिका विरुद्ध सोव्हिएत युनियन. दोन दिवसांत मिळून दीड लाखाहून जास्त लोक आले. ऑलिंपिक नाही, जागतिक स्पर्धा नाही, फक्त दोन देशांची मीट. व्हॅलेरी ब्रुमेलने उंच उडीत २.२६ मीटरचा विश्वविक्रम केला आणि शीतयुद्धाच्या ऐन भरात अमेरिकन प्रेक्षकांनी त्या रशियन पोराला डोक्यावर घेतलं. हॅरल्ड कॉनोलीने हातोडाफेकीत विश्वविक्रम केला. विल्मा रुडॉल्फ धावली. शेवटी दोन्ही संघांचे खेळाडू एकमेकांच्या हातात हात घालून मैदानाला फेरी मारत होते. तीनच महिन्यांनी क्यूबाचा क्षेपणास्त्र पेच उभा राहिला, हे लक्षात ठेवून त्या फेरीकडे बघा.

या मालिकेतली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे गुणांची भानगड. पहिला सामना १९५८ मध्ये मॉस्कोत झाला. पुरुषांत अमेरिका १२६–१०९ ने जिंकली, महिलांत सोव्हिएत ६३–४४ ने. रशियन म्हणाले, बेरीज करा: १७२–१७०, आम्ही जिंकलो. अमेरिकन म्हणाले, बेरीज कसली, दोन वेगळे सामने आहेत. स्टॅनफर्डलाही तेच झालं. पुरुष १२८–१०७, महिला ४१–६६, म्हणजे बेरजेत परत रशिया पुढे, १७३–१६९. दोन्ही देशांतले पेपर आपापला विजय छापून मोकळे! पण यात एक गंमत आहे. गुण मोजले जातात म्हटल्यावर तिसऱ्या नंबरसाठी धडपडणारा माणूससुद्धा महत्त्वाचा होतो. प्रेक्षकाला घड्याळ कळायची गरज नसते. आपला पुढे आहे की त्यांचा, एवढं दिसलं की झालं.

हिवाळ्यातली गर्दी वेगळी असायची, इनडोअर. न्यूयॉर्कमधली मिलरोझ गेम्स ही मीट १९०८ मध्ये वॉनामेकर नावाच्या डिपार्टमेंट स्टोअरच्या कर्मचाऱ्यांनी सुरू केली. १९१४ पासून ती मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये व्हायची. लाकडी ट्रॅक इतका आखूड की मैलाला अकरा फेऱ्या. प्रेक्षकांच्या सिगारेटचा धूर, पंच मात्र काळ्या सूट-बोमध्ये. मुख्य मैलाची शर्यत रात्री दहाच्या सुमारास ठेवायची प्रथा पडली ती रेडिओच्या प्रक्षेपणामुळे. (पॉडकास्टवाल्याला हे ऐकून बरं वाटणारच.) याच मीटमध्ये १९५९ साली जॉन थॉमसने इनडोअर उंच उडीत पहिल्यांदा सात फूट ओलांडले आणि १९६२ साली जॉन उल्सेसने बांबू उडीत सोळा फूट. सात फूट, सोळा फूट, चार मिनिटांत मैल. हे आकडे चहाच्या टपरीवरच्या माणसालाही कळतात. १९७० च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकन मीट्स यार्डांवरून मीटरवर गेल्या. जगाशी जुळवून घ्यायचं म्हणजे ते करणं भागच होतं. पण १५०० मीटरला तीन मिनिटं बत्तीस सेकंद हे चांगलं की वाईट, ते सांगायला शेजारी एक जाणकार बसवावा लागतो.

टीव्हीवरही या खेळाला मान होता. एबीसी वाहिनीचा ‘वाइड वर्ल्ड ऑफ स्पोर्ट्स’ २९ एप्रिल १९६१ ला सुरू झाला, तो पेन रिले आणि ड्रेक रिले दाखवूनच.

आणि या सगळ्यात खेळाडूंना काय मिळायचं? काही नाही. हौशी खेळाडूंचे नियम कडक होते. वेस सॅंटी १९५५ मध्ये चार मिनिटं अर्ध्या सेकंदात मैल धावला. पुढच्याच वर्षी एएयू या संघटनेने त्याच्यावर आजन्म बंदी घातली, कारण प्रवासखर्चाचे पैसे मर्यादेपेक्षा जास्त घेतले. गार्डन भरायचं त्याच्यासारख्यांच्या जिवावर, आणि हिशेब त्याच्या रेल्वेच्या तिकिटाचा! १९७२ मध्ये एक व्यावसायिक मालिका निघाली, जिम रायन आणि किप केनोसारखी नावं होती, ती १९७६ मध्ये बंद पडली. उघडपणे पैसे घेणं मान्य झालं १९८० च्या दशकात. तोवर पैसा युरोपात झुरिक-ऑस्लोच्या उन्हाळी मीट्समध्ये होता, मग अमेरिकेचे तारे तिकडेच धावायला लागले. व्हिएतनामवरून सोव्हिएत संघाने १९६६ चा लॉस एंजेलिसचा सामना रद्द केला होता. पुढे मालिका पुन्हा सुरू झाली, पण १९८५ नंतर संपलीच.

लोक म्हणतात फुटबॉल आणि बास्केटबॉलने हा खेळ खाल्ला. थोडं खरं आहे. माझं मत असं, की मीटने स्वतःच ‘कोण जिंकलं’ हा प्रश्न सोडला आणि ‘किती वेळ लागला’ हा धरला. कोड लिहिताना आम्हीही हेच करतो. जे मोजता येतं त्याचाच आलेख भिंतीवर लावतो, आणि वापरणारा माणूस कधी निघून गेला ते कळत नाही.

मायकल जॉन्सनला हे कळलं असावं. २०२५ मध्ये त्याने ‘ग्रँड स्लॅम ट्रॅक’ काढली. पेसमेकर नाहीत, प्रत्येकाला दोन शर्यती, दोन्हींचे गुण एकत्र, गटात पहिला येणाऱ्याला एक लाख डॉलर. किंग्स्टन, मिरामार आणि फिलाडेल्फियात मीट झाल्या. चौथी, लॉस एंजेलिसची, रद्द झाली आणि खेळाडूंच्या बक्षिसाचे पैसे थकले. सॅंटीच्या काळात पैसे घेतले म्हणून शिक्षा होती. आता पैसे कबूल करून देत नाहीत.

मात्र फिलाडेल्फियातच, फ्रँकलिन फील्डवर, १८९५ पासूनची पेन रिले अजून चालते. २०१० मध्ये उसेन बोल्ट आला त्या शनिवारी ५४ हजारांवर लोक होते. तिथे बहुतेक जण एकट्याने धावत नाहीत. शाळा धावते, कॉलेज धावतं, देश धावतो. एका बाजूला जमैकाचे हिरवे-पिवळे-काळे झेंडे घेतलेली माणसं बसतात, आणि किंग्स्टनच्या शाळकरी पोराच्या हातात बॅटन आली की ती सगळी एकदम उभी राहतात.