वसुलीचा तगादा : मर्यादा कोणत्या, दाद कोठे मागावी?

हप्ता थकला की पहिला फोन कर्जदाराला येतो. तो उचलला गेला नाही, तर पुढचा फोन भावाला, मेव्हण्याला किंवा कार्यालयातील वरिष्ठांना जातो. कधी दोन अनोळखी माणसे दारात उभी राहून शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात थकबाकीचा आकडा सांगतात. या साऱ्या पद्धतीचा भर माणसाच्या लाजेवर असतो. लाजेपोटी कर्जदार गप्प बसतो, एक हप्ता भागविण्यासाठी दुसरे, अधिक महाग कर्ज काढतो आणि अडचण वाढत जाते. घेतलेले कर्ज फेडण्याची जबाबदारी कोणत्याही तक्रारीने संपत नाही, हे खरे. परंतु थकबाकीमुळे कर्जदाराला धमकावण्याचा वा बेअब्रू करण्याचा अधिकारही कोणाला मिळत नाही.

वसुलीच्या मर्यादा

रिझर्व्ह बँकेने १२ ऑगस्ट २०२२ रोजी काढलेल्या परिपत्रकात या मर्यादा स्पष्ट केल्या आहेत. सकाळी ८ पूर्वी आणि सायंकाळी ७ नंतर थकीत कर्जाच्या वसुलीसाठी फोन करता येत नाही. शिवीगाळ, धाकदपटशा, निनावी वा धमकीचे फोन, समाजमाध्यमांवरील अनुचित संदेश, चारचौघांत पाणउतारा आणि कुटुंबीय, मित्र किंवा संदर्भ म्हणून नाव दिलेल्या व्यक्तींच्या खासगी जीवनात ढवळाढवळ, हे सर्व निषिद्ध आहे. महिलांच्या गटांना दिल्या जाणाऱ्या सूक्ष्म कर्जांसाठी नियम आणखी कडक आहेत. तेथे फोनची वेळ सकाळी ९ ते सायंकाळी ६ अशी आहे. वसुली परस्परसंमतीने ठरलेल्या ठिकाणीच व्हावी लागते. कर्जदार तेथे सलग दोन वा अधिक वेळा आला नाही, तरच प्रतिनिधी घरी किंवा कामाच्या ठिकाणी जाऊ शकतो.

दारात आलेल्या प्रतिनिधीकडे ओळखपत्र आणि बँकेचे अधिकारपत्र असणे आवश्यक आहे. ते पाहण्यास मागावे आणि नाव टिपून घ्यावे. कागद दाखविण्यास नकार देणाऱ्याच्या हाती रोख रक्कम देऊ नये.

अटकेची भीती

‘आज पैसे भरा, नाही तर पोलीस येतील’ ही धमकी नेहमीची आहे. केवळ हप्ता थकणे हा फौजदारी गुन्हा नव्हे. तो दिवाणी स्वरूपाचा वाद आहे. मात्र परतफेडीसाठी दिलेला धनादेश न वटल्यास कलम १३८ खाली फौजदारी तक्रार होऊ शकते. त्यापूर्वी लेखी नोटीस येते आणि ती मिळाल्यापासून १५ दिवसांत रक्कम भरण्याची संधी असते. खात्यातून परस्पर वळता होणारा हप्ता पुरेशा शिलकीअभावी परत गेला, तरी २००७ च्या देयक प्रणाली कायद्याखाली अशीच कारवाई होऊ शकते. त्यामुळे वकिलाची वा न्यायालयाची नोटीस कधीही दुर्लक्षू नये.

कुटुंबीयांची जबाबदारीही नीट समजून घ्यावी. जामीनदार कर्जदाराइतकाच जबाबदार असतो. फक्त संदर्भ म्हणून नाव दिलेली व्यक्ती जबाबदार नसते. कर्जदाराच्या निधनानंतर वारसांकडून वसुली होते ती त्यांच्या वाट्याला आलेल्या मालमत्तेच्या मर्यादेतच.

जबाबदारी बँकेची

वसुली एजन्सी वेगळी असली, तरी तिच्या वर्तनाला बँक किंवा वित्तसंस्थाच जबाबदार असते. म्हणून तक्रार एजंटाकडे नव्हे, कर्ज देणाऱ्या संस्थेकडे करावी. बळाचा वापर करून वाहन ताब्यात घेण्याच्या प्रकारांवर सर्वोच्च न्यायालयाने २००७ सालीच कठोर शब्दांत ताशेरे ओढले आहेत. घर तारण असेल आणि सरफेसी कायद्याखाली कारवाई होणार असेल, तर आधी ६० दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. एजंटाने येऊन कुलूप लावण्याची धमकी देणे म्हणजे ही कारवाई नव्हे.

तक्रारीचा क्रम

तक्रारीचे बळ पुराव्यात असते. प्रत्येक फोनची तारीख, वेळ, क्रमांक आणि बोलणे वहीत नोंदवावे. संदेश पुसू नयेत, संभाषण शक्यतो ध्वनिमुद्रित करावे आणि घरी येणाऱ्यांबाबत शेजाऱ्यांची साक्ष असल्यास तीही टिपून ठेवावी.

पहिली तक्रार संस्थेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे ई-मेलने किंवा पोचपावती घेऊन लेखी करावी. कर्जदाराची तक्रार प्रलंबित असताना प्रकरण वसुली एजन्सीकडे सोपवू नये, असे रिझर्व्ह बँकेने २००८ मध्ये बजावले आहे; तक्रार निव्वळ निरर्थक असल्याची बँकेची खात्री झाली, तरच अपवाद. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा ते समाधानकारक नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. त्यासाठी शुल्क नाही आणि वकिलाची गरज नाही. ऑनलाइन तक्रार शक्य नसेल, तर चंदीगड येथील रिझर्व्ह बँकेच्या केंद्रीय तक्रार कक्षाकडे टपालाने मराठीतही लिहिता येते. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. कर्ज सहकारी पतसंस्थेचे असल्यास मात्र सहकार निबंधकांकडे दाद मागावी.

पोलिसांकडे केव्हा?

मारहाणीची धमकी, घरात घुसणे, वाट अडविणे, स्त्रियांना उद्देशून अश्लील बोलणे किंवा छायाचित्रात फेरफार करून ते पसरविणे, असे घडल्यास ३० दिवस थांबण्याचे कारण नाही. भारतीय न्याय संहितेनुसार फौजदारी धमकी (कलम ३५१), स्त्रीच्या विनयभंगाच्या हेतूने केलेले शब्द व हावभाव (कलम ७९) आणि गृहअतिक्रमण (कलम ३२९) हे गुन्हे आहेत. तातडीच्या प्रसंगी ११२ वर फोन करावा. ठाण्यात तक्रार नोंदवून घेतली नाही, तर ती पोलीस अधीक्षकांकडे लेखी पाठविता येते आणि तेथेही दखल न घेतल्यास न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येते.

अ‍ॅप आणि सावकार

मोबाईल अ‍ॅपवरील कर्जांत छळाचे मूळ बहुधा फोनमधील संपर्कयादीत असते. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार कर्जाच्या अ‍ॅपला संपर्कयादी, छायाचित्रे आणि कॉलची नोंद पाहता येत नाही. अशी परवानगी मागणारे अ‍ॅप संशयास्पद समजावे. फसवणूक वा ब्लॅकमेल झाल्यास १९३० वर आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करावी. विनानोंदणी कर्जसंस्थेची माहिती रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ पोर्टलवर द्यावी. खासगी सावकारीसाठी परवाना लागतो. गोव्यात २००१ चा, तर महाराष्ट्रात २०१४ चा सावकारी कायदा आहे. बेळगाव सीमाभागातील कर्जदारांसाठी कर्नाटकाने फेब्रुवारी २०२५ मध्ये जबरदस्तीच्या वसुलीविरुद्ध अध्यादेश काढला. त्यात १० वर्षांपर्यंत कैद व ५ लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद करण्यात आली.

फेडीचा प्रस्तावही लेखी

तक्रारीबरोबरच परतफेडीचा प्रस्ताव दिल्यास कर्जदाराची बाजू भक्कम होते. उत्पन्न का घटले आणि दरमहा किती रक्कम देणे शक्य आहे, हे लिहून हप्त्यांच्या पुनर्रचनेची मागणी करावी. एकरकमी तडजोड ठरल्यास ती संस्थेच्या पत्रावर घ्यावी, रक्कम कर्जखात्यातच भरावी आणि शेवटी थकबाकी नसल्याचा दाखला मागून घ्यावा. विधी सेवा प्राधिकरणाकडून महिलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि अल्प उत्पन्न गटाला मोफत वकील मिळतो. मदतवाहिनी १५१०० आहे.

तगाद्याने मन खचत असेल, तर १४४१६ या टेलिमानस सेवेवर कोणत्याही वेळी बोलता येते. मात्र सर्वांत आधी घरात सांगावे. थकबाकी घरच्यांना ठाऊक असली, की ‘घरी कळवू’ या धमकीत काही उरत नाही.