तिरकस भिंतींचे आच्छादन व त्याचे संगणकीय प्रतिरूपण

इमारतीच्या भिंतीवर बाहेरून बसविलेल्या दगड, लाकूड, धातू, काच इत्यादींच्या थरास आच्छादन म्हणतात. व्यवहारात त्यास ‘क्लॅडिंग’ हाच शब्द रूढ आहे. भिंत दोन प्रकारे तिरकस असू शकते. आराखड्यात शेजारच्या भिंतीशी काटकोनाखेरीज अन्य कोन करणारी भिंत हा पहिला प्रकार, तर ओळंब्यापासून आत वा बाहेर झुकलेली भिंत हा दुसरा प्रकार होय. दोन्ही प्रकारांत खरी अडचण सपाट पृष्ठाची नसून कोपऱ्याची असते. कारण आराखड्यातील रेषेला जाडी नसते, आच्छादनाला मात्र असते. संगणकाच्या पडद्यावर आज उभा राहणारा हा प्रश्न दख्खनमधील पाथरवटांनी सु. आठशे वर्षांपूर्वी दगडात सोडविला होता.

तारकाकृती मंदिरे : बुलढाणा जिल्ह्यातील धाडच्या परिसराप्रमाणेच लोणारही बेसाल्ट खडकाच्या प्रदेशात वसले आहे. लोणार येथील दैत्यसूदन मंदिर हे या जिल्ह्यातील मध्ययुगीन वास्तुकलेचे प्रमुख उदाहरण. त्याचा तलविन्यास अनियमित तारकाकृती असून बाह्य भिंती एकामागून एक कोन करीत वळतात. हेन्री कझिन्स यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दख्खनच्या मध्ययुगीन मंदिरांवरील ग्रंथात या मंदिराचा समावेश केला आहे. यादवकालीन अनेक मंदिरांच्या भिंतींत आतून व बाहेरून घडीव दगडांचे थर आणि मध्ये दगडगोट्यांची भर अशी रचना आढळते. बाहेरचा थर दर्शनी असला, तरी तो भारही वाहतो. आधुनिक आच्छादनाहून त्याचा हा महत्त्वाचा भेद होय.

नियमित तारकाकृती एकाच मध्यबिंदूभोवती चौरस फिरवून मिळते. दोन चौरसांपासून ८, चारांपासून १६ व सहांपासून २४ टोके निर्माण होतात. कर्नाटकातील डंबळ येथील दोड्डबसप्पा मंदिराचे विमान २४ टोकांचे आहे. या रचनेतील मर्म असे, की चौरस कितीही वेळा फिरविला, तरी बाहेर आलेले प्रत्येक टोक काटकोनीच राहते. त्यामुळे ते घडविण्यास पाथरवटाला नेहमीचा गुण्या पुरतो. बदलतो तो केवळ दोन टोकांमधील खाचेचा कोन. बाहेरून मोजल्यास तो ८ टोकांच्या आकृतीत १३५ अंश, १६ टोकांच्या आकृतीत ११२.५ अंश व २४ टोकांच्या आकृतीत १०५ अंश भरतो. अशा रीतीने तिरकस दिसणारी भिंत मुख्यतः काटकोनी दगडांतूनच उभी राहते.

भिंतीचा उभा आकार खुर, कुंभ, कलश, कपोत इत्यादी थरांच्या छेदरेषेवरून ठरतो. ही छेदरेषा तारकाकृतीच्या कडेने फिरविली, की संपूर्ण पृष्ठ सिद्ध होते. दगडी बांधकामात थराचे वळण शक्यतो एकाच कोनशिलेत कोरतात व सांधा कोपऱ्यापासून दूर ठेवतात. कारण कोपऱ्यातच तिरपा सांधा घेतल्यास दगडाच्या कडा पातळ होऊन त्यांचे टवके उडतात.

संगणकीय विकास : अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स तंत्रविद्या संस्थेत आयव्हन सदरलँड यांनी १९६३ मध्ये ‘स्केचपॅड’ ही आरेखन-प्रणाली सादर केली. रेखाचित्रांऐवजी इमारतीचे घटकशः वर्णन संगणकात साठवावे, हा विचार चार्ल्स ईस्टमन यांनी १९७५ मध्ये मांडला. बूडापेस्टच्या ग्राफिसॉफ्ट कंपनीची प्रणाली १९८४ मध्ये आणि ‘रेव्हिट’ ही अमेरिकन प्रणाली २००० मध्ये बाजारात आली. या प्रणालींत भिंत ही आराखड्यातील रेषा सरळ वर उचलून तयार होते. त्यामुळे पहिल्या प्रकारची तिरकस भिंत सहज काढता येते. दुसऱ्या प्रकारची मात्र दीर्घकाळ अडचणीची ठरली. रेव्हिटमध्ये झुकलेली भिंत काढण्याची थेट सोय २०२१ च्या आवृत्तीत झाली. तत्पूर्वी घनाकृती रचून तिच्या पृष्ठावर भिंत चढवावी लागे. स्पेनमधील बिल्बाओ येथील गुगेनहाइम संग्रहालयाच्या (१९९७) वक्र टायटॅनियम आच्छादनासाठी फ्रँक गेरी यांच्या कार्यालयाने विमाननिर्मितीत वापरली जाणारी ‘काटिया’ प्रणाली उपयोगात आणली होती.

झुकलेल्या भिंतीत नुसता आराखडा फसवा ठरतो. ओळंब्यापासून १० अंश झुकलेल्या, ३ मी. उंचीच्या भिंतीवरील फरशीची उतरती लांबी सु. ३.०५ मी. भरते. अशा दोन भिंती आराखड्यात काटकोनात मिळत असल्या, तरी त्यांच्या पृष्ठांमधील वास्तव कोन सु. ९१.७ अंश असतो. म्हणून फरशीची कड ४५ अंशांत कापल्यास सांधा नेमका जुळत नाही. त्याचप्रमाणे ३० मिमी. जाडीची फरशी काटकोनी कोपऱ्यात तिरपी कापल्यास कापलेली बाजू सु. ४२ मिमी. होते व तिची धार नाजूक बनते. एका फरशीची कड दुसरीवर टेकवावी, दोन्ही तिरप्या कापाव्या, की अखंड कोपरा-तुकडा घ्यावा, हा निर्णय प्रतिरूप तयार करणाऱ्यानेच घ्यावयाचा असतो. प्रणाली स्वतः निवडते तो सांधा भूमितीच्या दृष्टीने निर्दोष असला, तरी द्रव्याच्या दृष्टीने तसा असेलच असे नाही.

जतनकार्यातील महत्त्व : डब्लिन येथील मॉरिस मर्फी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये ऐतिहासिक इमारतींच्या संगणकीय प्रतिरूपणाची पद्धती मांडली. तीत लेसर-मोजणीतून मिळालेल्या बिंदूंवर वास्तुग्रंथांतील छेदरेषांवरून रचलेले घटक बसवितात. छेदरेषा व तलविन्यास यांतून साकारणाऱ्या दख्खनी मंदिरांना ही पद्धती विशेष अनुकूल आहे. मात्र प्रत्येक सांध्याची जागा प्रत्यक्ष पाहून नोंदविणे अगत्याचे असते. ती न नोंदविता प्रणालीने काढलेला कोपऱ्यातील सांधा तसाच ठेवल्यास दुरुस्तीसाठी अखंड कोनशिलेऐवजी दोन तुकडे घडविले जातील. मूळ पाथरवटांनी टाळलेला दोष त्यांच्याच वास्तूत शिरेल.