नोंदवहीत कोणाचं नाव?

आमचा विषय तत्त्वज्ञान. मग नर्सेसच्या सरकारी परवान्याच्या इतिहासावर आम्ही का बोलावं, असं काहींना वाटेल. पण माणसाचा चांगुलपणा परीक्षा घेऊन ठरवता येतो का, हा आमच्या विषयातला फार जुना प्रश्न आहे. आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो इंग्लंडातल्या दोन बायकांमध्ये चांगलाच पेटला होता.

एक फ्लॉरेन्स नाइटिंगेल. दुसऱ्या एथेल बेडफर्ड फेनविक. १८८७ मध्ये फेनविकबाईंनी परिचारिकांची संघटना काढली आणि म्हणाल्या, डॉक्टरांची जशी अधिकृत नोंदवही असते तशी आमचीही हवी. पांढरा एप्रन चढवून कुणीही उठावं आणि स्वतःला नर्स म्हणवून घ्यावं, हे थांबायला पाहिजे. नाइटिंगेलबाईंचा याला ठाम विरोध. त्यांचं म्हणणं असं की परीक्षेत माहिती कळते, स्वभाव कळत नाही. आणि नर्सचं अर्धंअधिक काम तर स्वभावाचं. शिवाय एकदा वहीत चढलेलं नाव दहा वर्षांनी काय सांगणार? आम्हाला विचाराल तर तत्त्व म्हणून नाइटिंगेलबाईंचं बरोबर होतं आणि व्यवहार म्हणून फेनविकबाईंचं. ब्रिटनमध्ये कायदा व्हायला १९१९ साल उजाडलं. वही उघडल्यावर तिच्यात पहिलं नाव फेनविकबाईंचंच लागलं, हे ओघानं आलंच.

तोवर इतर देश पुढे गेले होते. न्यूझीलंडनं १९०१ मध्येच कायदा केला. अमेरिकेत परवान्याचा अधिकार केंद्राचा नसून एकेका राज्याचा, त्यामुळे तिथली लढाई राज्याराज्यांत लढावी लागली. पहिलं राज्य नॉर्थ कॅरोलायना, मार्च १९०३. मेरी लुईस वाइश यांनी आदल्याच वर्षी तिथं नर्सेसची संघटना उभी केली होती. आता लक्षात घ्या, या बायकांना त्या राज्यात मताधिकार नव्हता. ज्या सभागृहाला त्या निवडून देऊ शकत नव्हत्या, त्याच सभागृहाकडून त्यांनी कायदा पदरात पाडून घेतला. नोंदणी व्हायची काउंटीच्या कोर्टातल्या क्लार्ककडे. त्याच वर्षी न्यू जर्सी, न्यूयॉर्क आणि व्हर्जिनियानंही कायदे केले.

पण कायद्यानं दिलं काय? फक्त नाव. ‘रजिस्टर्ड नर्स’ हे बिरुद नोंदणीशिवाय लावायचं नाही, एवढंच. नर्सचं काम मात्र कुणीही, कसंही करावं! म्हणजे नावाला कुंपण आणि शेत मोकळं. काम करायलाच परवाना लागेल असा कायदा पहिल्यांदा न्यूयॉर्कनं १९३८ मध्ये केला, आणि त्याचीही अंमलबजावणी महायुद्धात लांबली. यावर हसू नका. आपल्याकडे रात्रपाळीला ब्यूरोतून जी बाई घरी येते तिला आपण सगळेच ‘सिस्टर’ म्हणतो. तिचं नाव नर्सिंग कौन्सिलच्या नोंदवहीत आहे का, हे कोण विचारतं? आमच्या घरी अशी वेळ आली तेव्हा आम्हीही विचारलं नव्हतं. रात्री किती वाजता येणार, एवढंच विचारलं.

आता आजच्या व्याख्यानाचं खरं कारण. वहीत नाव घालायचा अधिकार ज्याच्या हाती, नाव न घालायचा अधिकारही त्याच्याच हाती. दक्षिणेतल्या राज्यांत नोंदणी मंडळं गोऱ्यांची होती. जॉर्जियात ल्यूडी अँड्र्यूज नावाच्या कृष्णवर्णीय परिचारिका होत्या. अटलांटाच्या स्पेलमन संस्थेतून १९०६ मध्ये त्या रीतसर शिक्षण घेऊन बाहेर पडल्या. शिक्षणात काही कमी नव्हतं, कामात नव्हतं. पण मंडळ कृष्णवर्णीय परिचारिकांना परीक्षेलाच बसू देईना. १९०९ मध्ये त्यांनी कायद्याची लढाई सुरू केली.

नोंदणी नसण्याची किंमत नुसत्या मानापमानाची नव्हती, बरं का. रेड क्रॉसच्या यादीत यायचं तर आधी राज्याची नोंदणी लागे, आणि लष्करात जायची वाट रेड क्रॉसमधून. दक्षिणेतल्या बायकांची वाट अशी उंबऱ्यावरच अडायची. ज्यांची नोंदणी झालेली होती त्यांनाही वर्णामुळे घेत नसत, ते वेगळंच. पहिल्या महायुद्धात नर्सेसची एवढी टंचाई, त्यात १९१८ ची इन्फ्लुएन्झाची साथ. तरी लष्करानं अवघ्या अठरा कृष्णवर्णीय परिचारिका घेतल्या, त्याही युद्धबंदी झाल्यावर, डिसेंबरात.

मधल्या काळात मंडळानं अँड्र्यूजबाईंपुढे तोड ठेवली: तुम्हाला एकटीला परवाना देतो, प्रकरण मिटवा. बाईंनी नको म्हटलं. द्यायचा तर सगळ्यांना द्या. हातातोंडाशी आलेला परवाना त्यांनी परत केला आणि लढा चालू ठेवला.

नाइटिंगेलबाई १९१० मध्ये वारल्या. हे प्रकरण त्यांच्या कानावर जाण्याचा प्रश्नच नव्हता. पण ज्या स्वभावाची नोंद वहीत होत नाही असं त्या म्हणत होत्या, तो इथं वहीच्या बाहेर उभा राहून वहीचं दार ठोठावत होता, असं आम्हाला वाटतं. कुणी म्हणेल, ही प्राध्यापकी कल्पना झाली. असेल.

१९२० मध्ये जॉर्जियानं दार उघडलं. तिथल्या कृष्णवर्णीय परिचारिकांना गोऱ्यांच्याच परीक्षेला बसता येऊ लागलं. अँड्र्यूजबाईंची नोंदणीही त्याच वर्षी झाली, अकरा वर्षांनी.